एका पत्रिकेची जागा

त्यांच्याकडे मोजायची साधनं नव्हती असं नाही. भिंतीवर स्टीलची पट्टी टांगलेली होती, खणात व्हर्नियर होता, फीलर गेजची जुडीसुद्धा होती. पण इंजिनात दोन भागांच्या मधे जागा किती उरली आहे हे सांगायची वेळ आली की ते शर्टाच्या खिशातून एक लग्नपत्रिका काढत, फटीत सरकवून बघत आणि म्हणत, "दोन पत्रिका." कधी म्हणत, "एक पत्रिका, तीही मुंजीची." मुंजीची पत्रिका लग्नाच्या पत्रिकेपेक्षा पातळ कागदावर छापायचे, ही माहिती मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी एका गॅरेजात मिळाली.

गॅरेज आपलं म्हणायचं म्हणून म्हणते. नारायण पेठेतला तो गाळा मुळात छापखाना. त्यांच्या वडिलांनी काढलेला. पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका छापायच्या, हा घरचा धंदा. यांनी तो तीस वर्षं केला आणि तीसही वर्षं दारावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत केला. मग संगणक आला, पेठेतले अक्षरं जुळवणारे जुळारी घरी बसले, बाकीच्या छापखानेवाल्यांनी गळे काढले. यांनी यंत्र भंगारात घातलं आणि त्याच जागी गाडीखाली उतरायला खड्डा खणला. पाटी मात्र जुनीच ठेवली. "सर्व प्रकारच्या पत्रिका छापून मिळतील" याच्या खाली बारीक अक्षरात "मोटार दुरुस्तीसुद्धा" एवढंच वाढवलं. लग्नघरची माणसं पाटी वाचून आत येत आणि हे त्यांना विचारत, गाडी कोणती आहे.

शिशाचे खिळे ठेवायच्या लाकडी केसेसही त्यांनी टाकल्या नव्हत्या. एकेका अक्षराचा एकेक खण. आता 'क'च्या खणात क्लिपा, 'व'च्या खणात वॉशर, 'न'च्या खणात नट. मी एकदा चेष्टेने विचारलं की 'ज्ञ'च्या खणात काय ठेवता. म्हणाले, गाडी जोडून झाल्यावर जे उरतं आणि कशाचं ते मला कळत नाही, ते. खण अर्धा भरलेला होता. ते बघून मी आपली गाडी तिथून न्यावी की काय असा विचार त्या दिवशी केला होता, हे कबूल करते.

गाडीचं नाव सांगत नाही. तिच्या घराण्याचा काही दोष नव्हता. ती वीस वर्षांची होती आणि तिला मी वातानुकूलन बसवून घेतलं होतं. जुन्या बैलाला नवी झूल. एसी लावला की तापमानाचा काटा चढे. येरवड्याहून निघून बंडगार्डनचा पूल येईपर्यंत तो लाल पट्टीला टेकायचा, मग एसी बंद करायचा, काचा उघडायच्या, आणि त्यानेही भागलं नाही तर कडेला थांबून बॉनेटमधून निघणारी वाफ बघत बसायचं. माझी एकटीची गोष्ट असती तर मी बसलेही असते. मागच्या सीटवर वडील असत.

वडिलांची मूत्रपिंडं गेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीन वाजता डायलिसिस. चार तासांचं मशीन, सातला पुढचा पेशंट. आपल्याला उशीर झाला तर वेळ पुढे सरकत नाही, शेवटातून कापला जातो. अर्धा तास उशीर म्हणजे अर्धा तास कमी सफाई, म्हणजे पुढचे दोन दिवस धाप, पायांना सूज, आणि रात्री उशा रचून बसून राहणं. मी खराडीच्या ऑफिसातून दीडला निघायची, येरवड्याला घरून वडिलांना घ्यायची, तीनला पेठांपलीकडच्या हॉस्पिटलात त्यांना मशीनवर घालायची. तीन वर्षं माझं सगळं आयुष्य त्या दीड तासात कोंबलेलं होतं. रिक्षात त्यांना गदगद हलून मळमळायचं, उकाड्यात जीव घाबरायचा, आणि ही गाडी विकायची तर त्यांनी ती पंचेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकून घेतलेली. तो विषय काढला की ते खिडकीबाहेर बघत.

चार गॅरेजवाल्यांनी सांगितलं, विका. पाचवे हे.

ते ऐकून घेताना एका जागी उभे राहत नसत. गाडीभोवती फेऱ्या घालत. तुम्ही बॉनेटपाशी वाक्य सुरू केलंत तर संपेपर्यंत ते डिकीशी असत आणि तिकडून प्रश्न येई. मलाही स्वस्थ उभं राहवत नाही, त्यामुळे आम्ही दोघं गाडीभोवती एकामागून एक फिरत बोलत असू. पेठेतली माणसं बघून जात. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, हा मुद्रणदोष की लेखनदोष? मला कळेना. मग त्यांनी समजावलं. गाडी बनवतानाच राहिलेली खोट हा मुद्रणदोष. मालकाने नंतर करून ठेवलेली ती लेखनचूक. "एसी तुम्ही बसवलात, बाई. लेखनच आहे. पण सुधारता येईल."

ते मला बाई म्हणत. ऑफिसात सगळे पहिल्या नावाने हाक मारत, बाई म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मी त्यांना काका म्हणायची.

सुधारायचं म्हणजे काय, तर मूळचा दोन पदरी रेडिएटर काढून मोठ्या गाडीचा तीन पदरी बसवायचा. पाणी जास्त, जाळी जास्त, गारवा जास्त. ऐकायला सोपं. पण या गाडीच्या नाकात तेवढी जागाच नव्हती. त्यांनी आधी पुठ्ठ्याचा रेडिएटर केला, तो आत उभा केला, पत्रिका फिरवल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. जागा आहे म्हणाले. इंजिनाच्या पुढच्या पुलीपासून नेमकी एक पत्रिका. लग्नाची. एक पत्रिका म्हणजे जागा झाली का, असं मी म्हटलं, तर म्हणाले की अहो, एवढ्या जागेत दोन घराणी जुळतात.

थोडी अतिशयोक्ती होती, पत्रिका त्यांनी दुमडून घातली होती. तरी मूळचा पंखा मागे मावणार नव्हता हे खरं. तो काढला आणि विजेवर चालणारा एक पंखा रेडिएटरच्या पुढे, नाकाच्या जाळीमागे बसवला. तिथेही त्याची मोटर रेडिएटरला टेकत होती, म्हणून पंखा उलटा फिरवून, मोटर पुढे करून बसवला. पाण्याच्या तोंडांना लागणाऱ्या चकत्या त्यांनी जुन्या पत्रिकांच्या कापल्या. छापताना वाया गेलेल्या पत्रिकांचे गठ्ठे माळ्यावर होते, तीस वर्षांपूर्वीच्या नवरानवरींचे. एका चकतीवर "आपली उपस्थिती" एवढंच उरलं होतं. ती माझ्या गाडीत गेली.

सोमवारी मी ऐटीत निघाले. एसी लावला. पुलावर काटा लाल पट्टीत.

आता यात गंमत अशी होती, आणि तेव्हा ती मुळीच गंमत वाटली नव्हती, की गाडीची तऱ्हा उलटी झाली. जगातली गाडी सिग्नलला तापते आणि चालू लागली की वारा लागून निवते. ही सिग्नलला उभी राहिली की काटा किंचित उतरे, आणि पळू लागली की चढे. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच भांग खाऊन आले आहे. पण स्वतः शेजारी बसून आले, लक्ष्मी रस्त्यावरून संभाजी पुलापर्यंत, काट्यावर नजर ठेवून, आणि पुलाच्या मध्यावर म्हणाले, थांबवा. उतरले आणि चालतच परत गेले. मागून हॉर्न वाजत होते. डोक्यात काही घोळू लागलं की त्यांना वाहनात बसवत नसे.

मग तीन आठवडे ते त्या गाडीमागे लागले. मंगळवार, गुरुवार, शनिवार गाडी त्यांच्याकडे, बाकीचे दिवस माझ्याकडे. थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटरची टोपी बदलली. गाडीचं नाक चढावर करून पाण्यात अडकलेली हवा काढली. खालचा पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो असं म्हणून त्यात स्प्रिंग घातली. पाण्याचा पंप उघडून पुन्हा बंद केला. दर खेपेला बॉनेटच्या आतल्या बाजूला खळीने एक चिठ्ठी चिकटवत. वर लिहिलेलं असे, शुद्धिपत्र. खाली दोन रकाने, अशुद्ध आणि शुद्ध. "अशुद्ध: थर्मोस्टॅट. शुद्ध: टोपी." पुढच्या खेपेला "अशुद्ध: टोपी. शुद्ध: अडकलेली हवा." आपली चूक अशी चिकटवून ठेवणारा मेकॅनिक मी तरी दुसरा पाहिला नाही. कौतुक वाटायला हवं होतं. मला त्या चिठ्ठ्या बघून वाफ येई. मी त्यांना म्हटलंही, काका, तुमचं शुद्धिपत्र पुस्तकापेक्षा मोठं होत चाललंय. ते म्हणाले, पुस्तक वाईट असलं की होतं.

पंखा वारा आत घेतो की नाही, हेही त्यांनी बघितलं होतं. त्यांची जुनी रीत होती. नाकाच्या जाळीवर पत्रिका धरायची आणि हात काढायचा. वारा आत जात असेल तर पत्रिका तिथेच चिकटून राहते. आता इथे माझा हात लागला. माझ्या कंपनीची इमारत खराडीत ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरी लग्न होतं, त्यांनी सगळ्या ऑफिसला पत्रिका वाटल्या होत्या. मी ती यांना कौतुकाने नेऊन दिली, पत्रिकांचा शौक म्हणून. मखमलीचं पाकीट, आत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पितळी गणपती. त्यांनी ती हातात तोलली आणि म्हणाले, ही पत्रिका नाही, पाट आहे. पण माळ्यावरचे गठ्ठे तोवर माझ्याच गाडीच्या चकत्यांत संपत आले होते, म्हणून खिशात तीच. त्यांनी ती जाळीवर धरली, सोडली, ती पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी ती पुसून खिशात ठेवली.

"कागद जड झालेत," ते म्हणाले, "लग्नं हलकी झालीत. पंखा ठीक आहे."

मी चुका शोधायचा पगार घेते. सॉफ्टवेअर तपासणं हेच माझं काम. चाचणी नापास झाली की चाचणीलाच दोष देऊ नये, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते. त्यांच्यासमोर मी नुसती घड्याळ बघत उभी होते.

त्याच दिवसांतली एक गोष्ट आहे. एका बुधवारी निघताना काटा आधीच वर होता म्हणून मी वडिलांना घेऊनच गाळ्यावर गेले, पाणी भरून घेऊ म्हणून. काका गाडीसाठी पाणी उकळून गार केलेलं वापरत, कळशीत झाकून ठेवलेलं. गाडीच्या नाकासमोर तेवढी एक जागा होती, तिथे त्यांनी वडिलांना स्टूल दिलं आणि कळशी कलती केली. वडिलांना दिवसाचं अर्धा लिटर पाणी मान्य होतं. चहा, आमटी, औषधाचा घोट, सगळं त्यातच. मी काटा बघत होते, किती उतरला ते. एकाएकी पाण्याचा आवाज थांबला. बघते तर कळशी खाली ठेवलेली आणि काका गाडी आणि वडील यांच्या मधे पाठ करून उभे. त्यांनी मला खुणेने दारापाशी बोलावलं.

"तुमचे वडील पाण्याकडे बघतात, बाई. तुम्ही काट्याकडे बघता," ते म्हणाले. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

मला संताप आला. तीन वर्षं मी तो अर्धा लिटर मोजून देत होते, मला हा माणूस शिकवतो. आणि लाजही वाटली, कारण घरी मीसुद्धा त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावत असे, घाईत. त्या दिवसानंतर वडील गाळ्यात असले की काका बॉनेट उभं करून त्याच्या आड पाणी भरत, कळशीच्या तोंडाशी लाकडी पट्टी धरून, म्हणजे धार वाजू नये. समोरच्या हॉटेलातून त्यांचा चहा येई, तो ते परत पाठवत. कारण सांगत नसत, पित्त झालंय म्हणत.

वडिलांना तिथे आवडायला लागलं. ते शाळेत भूगोल शिकवत, आणि छापखान्याने एके काळी त्यांच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका छापल्या होत्या हे निघालं. मग काय, दोघं भांडू लागले. एका सहामाहीच्या पेपरात गोदावरीचा उगम चुकीच्या जिल्ह्यात छापला गेला होता, तो दोष जुळाऱ्याचा की मास्तरांच्या अक्षराचा, यावर तीन दिवस गेले. घरी दिवसभर न बोलणारा माणूस निघायच्या आधी विचारू लागला, आज गाळ्यावर जायचंय का. मला धास्ती वेळेची. दोनला निघालो तर अडीच, गाळ्यावर दहा मिनिटं, म्हणजे पावणेतीन. वडील स्टुलावर बसायचे, पाय लांब करायचे आणि म्हणायचे, स्टूल इथेच ठेवा हो, इथे बरं वाटतं, पायाला छान शेक लागतो. त्यांचे पाय कायम सुजलेले आणि गार असत. मी म्हणे, बाबा, उठा आता. असं तीनचार वेळा झालं असेल.

शेवटी तो शुक्रवार आला. पुलाच्या अलीकडेच वाफ निघाली होती, मी एसी बंद करून, हीटर चालू करून, इंजिनाची उष्णता वडिलांच्या अंगावर घेत गाडी कशीबशी गाळ्यापर्यंत आणली होती. दोन वाजून पस्तीस मिनिटं. वडिलांचा चेहरा लालबुंद. काकांनी रिक्षाला हात केला, ती थांबली नाही. दुसरी थांबली, ती येणार नाही म्हणाली. मी त्यांना नको ते बोलले. तुमच्या पत्रिका आणि शुद्धिपत्रं घाला चुलीत, म्हणाले, माझे वडील मरतील तुमच्या नादात. सगळ्या गाळ्याला ऐकू गेलं. ते गाडीभोवती फिरत राहिले, इंजिन चालू, पंखा घोंघावत होता. आणि वडील स्टुलावर बसून पाय लांब करून म्हणाले, "ओरडू नकोस. शेक लागतोय, बरं वाटतंय."

काका डिकीपाशी होते. तिथून त्यांनी विचारलं, "सर, शेक कुठून लागतो?"

"समोरून. गाडीकडून."

"गाडीकडून म्हणजे गाडीतून बाहेर?"

वडिलांनी त्यांच्याकडे ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. धाप लागत होती, तरी पूर्ण वाक्यांत बोलले. "वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला देतात. हा गाडीचा वारा आहे. तुमच्या इंजिनाकडे जायला हवा, तो माझ्या पायाकडे येतोय. ईशान्य मोसमी म्हणा."

काकांनी माझ्या हातातून पेट्रोलची पावती ओढून घेतली, पातळ, फडफडणारी, आणि जाळीवर धरून सोडली. ती उडून वडिलांच्या मांडीवर पडली. पंखा बाहेर वारा फेकत होता. गाडी उभी असली की आतलीच गरम हवा थोडी तरी हलवायचा, आणि गाडी पळू लागली की समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडायचा. दोघं बरोबरीचे, म्हणून हवा जागच्या जागी.

वायरिंग बघायला जे चाचा नाना पेठेतून येत, त्यांना फोन लावला. त्यांच्या सात पिढ्या पुण्यातल्या, बोलणं आमच्यापेक्षा पेठी. पंखा उलटा बसवला की वायरी अदलाबदल कराव्या लागतात, म्हणजे वारा सुलटा होतो. ते त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी त्या बदलल्या होत्या. काकांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी चाचा यायच्या आधीच बदलल्या होत्या. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. चाचा फोनवर म्हणाले, मला वाटलं आपण विसरला असाल. काका म्हणाले, मलाही आपल्याबद्दल तेच वाटलं होतं. दोन हुशार माणसांनी एकच चूक सुधारली की ती जागेवर येते. वायरी बदलायला चार मिनिटं लागली. मी तीन वाजून दहा मिनिटांनी वडिलांना मशीनवर घातलं आणि दहा मिनिटं त्यांच्या वाट्याची गेली.

त्या दिवशीची चिठ्ठी मी जपली आहे. "अशुद्ध: थर्मोस्टॅट, टोपी, हवा, पाइप, पंप. शुद्ध: पंखा उलटा. चूक सरांनी दाखवली." वडिलांनी ती दोनदा वाचली, र्‍हस्वदीर्घाची एक तरी चूक सापडेल म्हणून. सापडली नाही, तेव्हा जरा हिरमुसले. मी बोलले होते त्याची माफी मागितली तर काका म्हणाले, पंखा उलटा असताना कोणीही तापतं, आणि फेरी मारायला निघून गेले.

सोमवारी एसी लावून निघालो. पुलावर काटा निम्म्यावर, हॉस्पिटलपर्यंत निम्म्यावर. मला विश्वासच बसेना, मी इतकी काट्याकडे बघत होते की एक सिग्नल चुकला. पोचलो तेव्हा दोन चाळीस. वीस मिनिटं हातात. गेल्या तीन वर्षांत ती मला कधी मिळाली नव्हती, त्यांचं काय करायचं ते कळेना. वडील म्हणाले, आत जाऊन तरी काय करायचं, इथेच बसू गार. मग ते नेहमीचंच झालं. कडुनिंबाखाली गाडी लावायची आणि तीन वाजेपर्यंत बसायचं. पहिल्या आठवड्यात मी मोबाइलवर ऑफिसच्या मेल बघितल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, तू ऑफिसात नेमकं काय करतेस. माझ्या नोकरीच्या बारा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते. ते म्हणाले, म्हणजे माझंच काम. खूष झाले. आई गेल्यावर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो, ते या वीस वीस मिनिटांत हळूहळू सुटत गेलं. चौदा महिने मिळाले.

ते गेले एका बुधवारी, मशीनवरच, तिसऱ्या तासाला. रक्तदाब उतरला, धावाधाव झाली. मी बाहेर बाकावर होते.

नंतरचे पंधरा दिवस घरात माणसं येत होती. प्रत्येकजण तेच म्हणत होता, सुटले बिचारे. फार सोसलं, सुटले. आपल्याकडे बोलायची तीच रीत आहे, मीही दुसऱ्यांकडे जाऊन तेच म्हणत आले आहे. काका आले नाहीत. सोळाव्या दिवशी मी गाडी घेऊन गाळ्यावर गेले. गाडीला काही झालं नव्हतं, घरात बसवेना म्हणून गेले. त्यांना बातमी चाचांकडून कळली होती. ते खड्ड्यातून वर आले, हात पुसले, माझ्याकडे न बघता बॉनेटवर तळवा ठेवून बघितला.

"त्या दिवशी गाडी तापली होती का?"

"नाही."

"काटा?"

"निम्म्यावर. वीस मिनिटं आधी पोचलो होतो."

"सुटलो," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा दिवस तो शब्द वडिलांसाठी ऐकून कान किटले होते, आणि हा माणूस तो माझ्यासमोर स्वतःसाठी वापरत होता. त्यांना ते दिसलं असणार. पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन वाजेपर्यंत माझ्या हातात पाना टिकत नव्हता, बाई," ते म्हणाले. "सर गेले त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. ते वेगळं. पण मी सुटलो. खोटं कशाला बोलू?"

हॉस्पिटलच्या त्या बाकावर डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून गेले, तेव्हा रडू येण्याआधी माझ्या मनात एक गोष्ट येऊन गेली होती. परवा शुक्रवारी दीडला निघायचं नाही. एवढंच. त्या एका विचाराची मला इतकी भीती बसली होती की पंधरा दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत गरजेपेक्षा मोठ्याने रडले होते, आणि त्यातलं किती खरं होतं ते मला माहीत होतं.

"मी पण सुटले, काका," मी म्हणाले, आणि तिथे, त्या गाळ्यात, मला पहिल्यांदा बाबांसाठी रडू आलं.